सातव्या क्रमांकाचे वजन

१

फेब्रुवारीतली सकाळ आमच्या आधी शेजारच्या द्राक्षबागेत उतरत असे. प्रथम मांडवाच्या तारा उजळत, एकामागून एक, जणू कुणी त्यांवरून हलके बोट फिरवीत चालले आहे. मग घड दिसू लागत. मण्यांवरची ती राखेसारखी लव दिसे, आणि तिच्याखालचा हिरवा रंग बराच वेळ कळत नसे. बांधावरच्या शेवग्याच्या शेंगा भिंतीवर लांब, सरळ सावल्या टाकीत. त्यानंतर तो प्रकाश कुंपणाच्या भिंतीवर रोवलेल्या काचा पार करून अंगणात येई, उपड्या ठेवलेल्या तांब्यांच्या रांगेवर क्षणभर थांबे आणि पूर्वेच्या खिडकीतून माझ्या खोलीत शिरे. फरशीवरचे ओले पायठसे त्यात चमकत आणि वाळून जात. सर्वांत शेवटी तो वजनकाट्याच्या पितळी दांड्यावर चढे. त्यात विशेष असे काहीच नव्हते. तो साऱ्या नाशिकवर पडत होता. गंगापूर धरणाच्या पाण्यावर, दुधाच्या गाड्यांवर, शाळेत निघालेल्या मुलांच्या डोक्यांवर. मात्र आमच्या फाटकाला कुलूप होते, आणि आत येणाऱ्यांपैकी तो एकटाच रोज न विचारता बाहेर जात असे.

गुरुवारी, १९९९ सालच्या त्या फेब्रुवारीत, प्रकाश दांड्यावर पोहोचला तेव्हा सात वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. वजन उतरवायला आलेल्या चोवीस शिबिरार्थींची नोंद आटोपून मी वही मिटत होतो. तेवढ्यात भट्टीवरच्या सिंधुबाईची किंकाळी ऐकू आली.

बाष्पगृहात मी सर्वांत आधी पोहोचलो. बाष्पपेटी म्हणजे एक सागवानी कपाट. आत बसायला पाट, वरच्या फळीला मानेपुरते भोक. माणूस आत बसला की दार लावून बाहेरून कडी घालायची. डोके तेवढे बाहेर राहते. आतल्या माणसाला ती कडी काढता येत नसे. घाबरून लवकर उठणाऱ्यांची चरबी वितळत नाही, असे आमचे संचालक पुंजाराम थेटे म्हणत. ते स्वतः रोज सकाळी सातला दहा मिनिटे कमी असताना पेटीत बसत. जे तुमच्याकडून करून घेतो ते आधी मी करतो, हे त्यांचे आवडते वाक्य होते.

थेटेसरांचे डोके फळीवर आडवे पडले होते. उजव्या कानशिलाचे हाड आत गेले होते. भट्टीतले निखारे ओढायची लोखंडी सळई खाली पडलेली, आणि तिच्या टोकाला केस चिकटलेले. वाफेची तोटी पूर्ण उघडी होती. ती बंद करून मी कडी काढली. दार आपोआप उघडले आणि सर पाटावरून घसरून माझ्या पायांवर आले. त्यांना धरायला मी हात पुढे केला. त्यांच्या दंडाचे कातडे माझ्या हातात राहिले.

२

निरीक्षक सोमनाथ बोरस्ते जाडजूड गृहस्थ होते. दारातून आत येताना ते जरा तिरके झाले, आणि जबाबासाठी रांगेत बसवलेल्या दोन बायका तशाही प्रसंगी एकमेकींकडे पाहू लागल्या.

"इथे माणूस नेमका कसा बारीक होतो, ते आधी सांग," त्यांनी मला विचारले.

मी सांगितले. साडेसहाला घंटा. सातला वजन, अनवाणी, शिबिराच्या पांढऱ्या कपड्यांत, ठरलेल्या क्रमाने. वजन झालेल्याने इमारतीपलीकडच्या अंगणात जाऊन बसायचे. सात-वीसला कुंजल, म्हणजे कोमट मिठाचे सहा पेले पाणी घटाघट पिऊन मोरीवर ओकून टाकायचे. आठला बाष्पस्नान, नऊला दुधीचा रस, दुपारी उकडलेली भाजी आणि एक भाकरी. खोल्यांची झडती दिवसातून दोनदा. फोन फक्त रविवारी. एकवीस दिवस पूर्ण झाल्याशिवाय फाटक उघडत नाही. घरच्यांनी तसे हमीपत्र लिहून दिलेले असते.

"आणि थेटे मारायचे?"

मी खिडकीकडे पाहिले. "हमीपत्रात शिस्तीचे कलम आहे, साहेब."

बोरस्त्यांनी माझ्याच खोलीत जबाब घेतले. पहिली सिंधुबाई. ती हरसूलकडची, भट्टी सांभाळणारी, पन्नाशीची. तिच्या गालावर तीन दिवसांचा जुना निळा डाग होता.

"मी त्याला पेटीत बसवला, कडी लावली, थोडी वाफ सोडली आन हंडा उचलला. कुंजलचं पानी अंगणात न्यायचं असतं. पानी मागल्या चुलीवर, चार खेपा होत्या. रोजचंच हाय ते."

"त्यांनी तुला मारलं होतं?"

"मारलं ना, सोमवारी. लाकडं वली होती म्हणून. लाकडं काय मी भिजवली?"

"म्हणजे राग होता."

"राग तर लय हाय. पन साहेब, राग आला म्हणून मानूस मारायचा झाला, तर आमच्या पाड्यावर कोन उरलंच नसतं."

दुसरा भारत शेळके. देवळाली कॅम्पच्या बाजारात त्याचे मिठाईचे दुकान. वजन एकशे एकतीस किलो. दोन दिवसांपूर्वी थेटेसरांनी त्याला टेकडीवर पळवताना पोटऱ्यांवर वेत ओढले होते, आणि त्याने सर्वांदेखत त्यांना याच पेटीत उकडून काढण्याची धमकी दिली होती.

"बोललो साहेब, खोटं कशाला सांगू. पण मी काय माणूस मारणार? मला वाकून बुटाची नाडी बांधता येत नाही."

"वजन दिल्यावर कुठे होतास?"

"अंगणात. आंब्यामागे."

"काय करत होतास?"

भारतने माझ्याकडे ओशाळून पाहिले. "गोरखभाऊ, तू लिहू नको हे. चिवडा खात होतो. मोज्यात ठेवला होता."

त्याला दोन बायकांनी चिवड्यासकट पाहिले होते. सरांना सांगायचे की आपणही मूठभर मागायचा, यावर त्यांचा वादही झाला होता.

तिसऱ्या छायाबाई देवरे, सटाण्याच्या. त्या आपल्या वीस वर्षांच्या मुलीला, वेदिकाला, घेऊन आल्या होत्या. तीन स्थळांनी तिला जाडीवरून नाकारले होते. दहाव्या दिवशी वेदिकाच्या उशीत लाडू सापडला, तेव्हा थेटेसरांनी तिच्या कानाखाली वाजवली. त्या कानातून रक्त आले आणि त्या बाजूने तिला ऐकू येईनासे झाले. नंतर, मंगळवारी, त्यांनी तिला पंचवीस मिनिटे पेटीत ठेवले. तेव्हापासून ती पालथी पडून होती.

"माझं वजन सात वाजता झालं. सातवा नंबर. वहीत बघा," छायाबाई म्हणाल्या. "आणि आमच्या खोलीत पोलीस पाठवू नका. तिले झोपू द्या."

शेवटी बोरस्त्यांनी मला विचारले, "तू सात ते सव्वासात इथेच होतास. काही ऐकलंस?"

"बाष्पगृहातून रोज काही ना काही आवाज येतात, साहेब."

"रांगेतले सगळे हेच म्हणतात," ते म्हणाले आणि वही उघडून बसले. वहीप्रमाणे चोवीसपैकी तेवीस माणसे आपापल्या क्रमाने काट्यावर येऊन एकमेकांच्या नजरेसमोर अंगणात गेली होती. चोविसावी वेदिका, तिला उठून बसताही येत नव्हते, म्हणून काटा तिच्या खोलीत न नेता मी तिच्यापुढे रेघ मारली होती. एकटी मोकळी फिरत होती ती सिंधुबाई. सळई तिची, भट्टी तिची, कडीही तिनेच लावलेली.

एका शिपायाने तिचा दंड धरला. ती म्हणाली, "दादा, तुम्ही सांगा ना यांना." ती माझ्याशी बोलत होती. मी वहीच्या कडा सारख्या करीत राहिलो. शिपायाने तिच्या तोंडावर मारले, जुन्या डागाच्या बरोबर वर.

३

शनिवारी सकाळी पोलिसांनी सिंधुबाईला पुन्हा आणले. तिच्याकडून गुन्हा करून दाखवून घ्यायचा होता. तिचा खालचा ओठ फाटला होता आणि उजव्या हाताची दोन बोटे सुजून एकमेकांना चिकटली होती. शिपायाने तिच्या हातात सळई दिली. बोटे मिटेनात म्हणून ती खाली पडली. त्याने लाथेने सळई तिच्याकडे सरकवली. "उचल. कशी मारली दाखव."

"मारलीच नाय तर दाखवू काय?"

तो पुढे सरकला तसे बोरस्ते दारातून म्हणाले, "पुरे. तिला पाणी दे. बसव तिला." मग माझ्याकडे वळून: "काटा सुरू कर, गोरक्ष. मला वजन करायचंय."

त्यांनी बूट काढले, पट्टा काढला आणि चौथऱ्यावर उभे राहिले. मी सरकते वजन जागेवर आणले. एकशे चार किलो तीनशे ग्रॅम.

"बायकोला सांगू नकोस," ते म्हणाले. "आता मला कुंजलचं पाणी आण. सहा पेले."

मी आणले. पहिल्या पेल्याला त्यांनी डोळे मिटले, तिसऱ्याला भिंत धरली. सहावा संपल्यावर ते घाम पुसत पुन्हा काट्यावर चढले. एकशे पाच किलो आठशे.

"दीड किलो," ते म्हणाले. "पाव लिटरचा पेला, सहा पेले. हिशेब पक्का आहे तुमच्या काट्याचा. आता वही उघड. बुधवार आणि गुरुवार."

मी पाने उलटली. बहुतेक सर्वांचे वजन एका दिवसात दोनशे, तीनशे ग्रॅमने उतरले होते. भारतचे दोनशेने चढले होते.

"तो चिवडा," बोरस्ते म्हणाले. "आता सातवा क्रमांक वाच. मोठ्याने."

"छाया देवरे. बुधवार, चौऱ्याऐंशी दोनशे. गुरुवार..." मी ओळीवर बोट ठेवले. "पंच्याऐंशी पाचशे."

"दुधीच्या रसावर जगणारी बाई. दोनशे ग्रॅम उतरायला हवी होती, तर चौऱ्याऐंशी किलो भरली असती. तिथे दीड किलो जास्त. इतका चिवडा मोज्यात मावत नाही. ही बाई काट्यावर आली तेव्हा तिच्या पोटात कुंजलचं पाणी होतं. आणि कुंजल सुरू होतं सात-वीसला. मग सहाव्यानंतर, सात-पाचला, तिचं वजन कसं झालं?"

मी काट्याचे सरकते वजन शून्यावर आणले.

"उशिरा येणाऱ्याला काय शिक्षा?"

"त्या दिवसाचा रस बंद."

"वर्षभराची वही पाहिली मी. इतकी माणसं, रोज, आणि एकदाही कुणाला उशीर नाही. पोलीस परेडलासुद्धा असं होत नाही, बाबा. तू जागा कोरी सोडतोस. माणूस आलं की भरतोस."

सुरगाण्याच्या एक शिक्षिका दोन वर्षांपूर्वी रसाविना टेकडीवर कोसळल्या होत्या. त्यांचे दात दगडावर फुटले होते. तेव्हापासून मी कोऱ्या जागा सोडत आलो होतो. शिबिरात ते सर्वांना ठाऊक होते. नव्याला पहिल्याच दिवशी कुणीतरी कानात सांगे, की गोरखभाऊ सांभाळून घेतो.

"क्रम खोटा लिहिलास," बोरस्ते म्हणाले, "मग आकडा का खरा लिहिलास? चौऱ्याऐंशी लिहिला असतास तर मला हे कधी कळलं नसतं."

काटा दाखवतो त्याहून वेगळा आकडा माझ्या हातून कधी उतरलेला नाही. क्रमाबद्दल मी खोटे लिहू शकतो. आकड्यापाशी लेखणी थांबते.

"किती वाजता आली ती?"

बाहेर ओसरीवर सिंधुबाई पाणी पीत होती. फाटक्या ओठातून पाणी हनुवटीवर सांडत होते आणि ते लालसर होते.

"सात बावीस," मी म्हणालो. "बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. म्हणाल्या, भाऊ, माझं राहिलं."

४

छायाबाई आपल्या खोलीत मुलीच्या पाठीवर खोबरेल लावत होत्या. त्या पाठीकडे बोरस्त्यांनी एकदा पाहिले आणि दाराबाहेर तोंड केले. खांद्यांपासून कमरेपर्यंत ती सोललेली होती. मध्ये पाणी धरलेले मोठे फोड.

बोरस्त्यांनी पाण्याच्या सहा पेल्यांचा हिशेब सांगितला. छायाबाईंनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि हात पुसले.

"अंगणात सगळ्यांत मिसळायचं म्हणून प्यायले. घाईत. रक्त त्याच पाण्यानं धुतलं. मग ओकायच्या आधीच आठवलं, वहीत आपलं वजन नाही. धावत आले. काट्याला पोटातलं पाणीही कळतं, हे डोक्यातच आलं नाही."

"का केलंत?"

"मनी पोर शे ती," त्या अहिराणीत म्हणाल्या, आणि मग सावरून बोलू लागल्या. "माझी पोर. मंगळवारी तिच्या गळ्याभोवतीचा टॉवेल मी धरला होता, साहेब. ती म्हणत होती, आई, कडी काढ. मी म्हटलं, सरांचं ऐक, अजून थोडंच राहिलंय. बुधवारी संध्याकाळी त्याच्या पाया पडले. म्हटलं, आम्हाला घरी जाऊ द्या. त्यानं हिच्या बापाच्या सहीचं हमीपत्र दाखवलं. म्हणाला, उद्या आठला पुन्हा बसवू, कालचं वाया जाईल नाहीतर. ह्या पाठीवर वाफ. आठ वाजता."

वेदिकाने बऱ्या कानाच्या बाजूने मान वळवली. "आई, काय म्हणतायत ते?"

"काही नाही. पडून राहा."

"सात वाजता सिंधुबाई हंडा घेऊन गेली," छायाबाई पुढे म्हणाल्या. "मी तोटी पुरी उघडली. त्याला वाटलं, तिचीच चूक. तिला आईवरून शिवी दिली. मग मी समोर गेले. म्हटलं, सर, पंचवीस मिनिटं. आधी हसला. मग ओरडायला लागला."

"आणि तुम्ही?"

"उभी होते. कुणीतरी येईल म्हणून उभी होते, साहेब, देवाशप्पथ. कुणी आलं असतं तर तोटी मीच बंद केली असती. पोरीला घेऊन बसले असते, मग काय ते करा म्हटलं असतं. दोन मिनिटं झाली, तीन झाली. खोलीचं दार उघडंच होतं. कुणीसुद्धा आलं नाही. मग मला तो आवाज सोसेना. सळई तिथंच होती. एकदा मारली तर तो आणखी मोठ्यानं ओरडला. म्हणून दोनदा आणखी."

एवढे सांगून त्यांनी खोबरेलाची वाटी माझ्या हातात दिली. "भाऊ, खांद्यावर राहिलंय. फोडावर बोट नका लावू."

५

दुपारी शिबिराचे फाटक उघडले. भारत शेळकेने वेदिकाला उचलून गाडीत ठेवले. इतका जड माणूस इतका अलगद चालताना मी पाहिला नव्हता. सिंधुबाईला सोडण्यात आले. ती भट्टीपाशी ठेवलेले आपले गाठोडे घेऊन माझ्या खोलीवरून गेली, पण आत पाहिले नाही.

बोरस्ते माझा जबाब पुरा करायला बसले होते. लिहिता लिहिता ते थांबले आणि काट्यामागच्या भिंतीकडे पाहू लागले.

"या भिंतीपलीकडे बाष्पगृह. वर झरोका. इथून पेटी किती पावलं असेल?"

"दारातून गेलं तर नऊ."

"तीन-चार मिनिटं माणूस ओरडत होता. अंगणातल्यांचं सोड, ते इमारतीच्या पलीकडे होते. रांगेतले म्हणतात, रोजचंच वाटलं. पण आठच्या आधी पेटीत शिबिरार्थी नसतो. हे रांगेतल्यांच्या ध्यानात आलं नसेल. तुला वेळापत्रक पाठ आहे."

"मला वाटलं, कुणा शिबिरार्थीला शिक्षा म्हणून लवकर बसवलं असेल."

"असं लिहू?"

"लिहा."

त्यांनी लिहिले. कागद माझ्याकडे फिरवला. मी वाचला आणि सही केली. ते उठले, पट्टा आवळला आणि जाताना म्हणाले, "शिबिरार्थीचा आवाज वाटला म्हणतोस, तर ठीक आहे. कायद्यानं तुला कुणी काही विचारणार नाही."

त्याला आता बरीच वर्षे झाली. छायाबाईंना जन्मठेप झाली. खटल्यात मी दोनदा साक्ष दिली, आणि दोन्ही वेळा तेच वाक्य तसेच्या तसे सांगितले. नंतर स्वतःशीही तेच सांगत आलो. मंगळवारी त्याच झरोक्यातून वेदिकाचा आवाज पंचवीस मिनिटे येत होता आणि मी उठलो नव्हतो. तेव्हा गुरुवारी उठलो नाही यात वेगळे ते काय, असेही मी स्वतःला समजावले. त्या खोलीत आवाजांना चेहरे नसत, असे एक वाक्य मी जुळवले होते. ते मला आवडतही असे.

ते खरे नाही. गुरुवारी मी चौथे नाव पुकारले तेव्हा पहिली हाक आली. ती थेटेसरांची होती, हे मला लगेच कळले. ते म्हणत होते, "गोरक्ष, कडी काढ." पाचवे नाव मी जरा मोठ्याने पुकारले.